जुन्या जीपची थरथर नेमकी कुठून येते?

निपाणी ते बेळगाव हा महामार्गाचा पट्टा जुन्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीची खरी परीक्षा घेतो. चिकोडीकडच्या काळ्या रानात किंवा जांबोटीच्या पुढच्या पावसाळी रस्त्यावर वीस-तीसच्या वेगाने बिनतक्रार चालणारी जिप्सी किंवा महिंद्राची जीप राष्ट्रीय महामार्ग 48 वर साठ-सत्तरच्या पुढे गेली की अंग झटकू लागते. कुणाचे स्टीअरिंग हातात नाचते, कुणाच्या बैठकीखाली घुमल्यासारखे होते, तर कुणाची गाडी खड्ड्यावरून गेली की पुढची दोन्ही चाके फडफडू लागतात आणि गाडी थांबेपर्यंत जीव मुठीत धरावा लागतो. मग गॅरेज गाठले जाते. आधी व्हील बॅलन्सिंग, तेवढ्याने भागले नाही तर टायर, मग शॉकॲब्सॉर्बर, मग शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस. पैसे जातात, थरथर राहते.

यात मेकॅनिकचा दोष कमी आणि क्रमाचा जास्त असतो. पाना आधी उचलला जातो, गाडी नीट चालवून बघायचे राहून जाते. चाक, प्रोपेलर शाफ्ट आणि इंजिन एकाच वेळी फिरतात, पण तिघांची गती वेगळी असते, म्हणून तिघांची थरथरही वेगळ्या चालीची असते. ती चाल ओळखली की शोध गाडीभर करावा लागत नाही, एका कोपऱ्यापुरता उरतो. हे काम एका सकाळी, जवळजवळ फुकटात होते.

सीमाभागात अशा गाड्या भरपूर आहेत. महिंद्राने 1947 पासून विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली. सीजे, एमएम 540, मेजर ही त्याच घराण्यातली पुढची नावे. ऊस-तंबाखूच्या रानात आणि गावोगावच्या वडापावर, म्हणजे प्रवासी वाहतुकीवर, जीपगाड्यांनी हयात काढली. मारुतीची जिप्सी 1985 च्या अखेरीस आली, 1996 मध्ये तिला 1.3 लिटरचे इंजिन मिळाले आणि भारतीय लष्कराने ती हजारोंनी वापरली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात ती रोजच्या नजरेतली गाडी. 2010 ची सीआरडीई थार पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमुळे थोडी वेगळी पडते. बाकी बहुतेकींची रचना म्हणजे पुढे-मागे सलग आस, त्यांखाली किंवा त्यांवर पाटे आणि मध्ये दोन्ही आसांना शक्ती वाटून देणारी ट्रान्सफर केस. त्यामुळे त्यांची दुखणीही एकमेकींसारखी आहेत.

सगळ्यात आधी गाडी धुवावी, आणि ती खालून. हा सल्ला किरकोळ वाटतो, पण या भागात तो पहिल्या क्रमांकावरच हवा. काळी माती रिमच्या आतल्या अंगाला थापून बसते आणि वाळली की दगड होते. चाक बॅलन्स करताना लावतात ती वजने पाच-दहा ग्रॅमपासून सुरू होतात. तिथे पाव किलोचा वाळलेला लपका एकाच बाजूला राहिला तर स्टीअरिंग नाचणारच. उसाच्या फडातून आलेल्या गाडीच्या शाफ्टला पाचट, सुतळी किंवा प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली सापडते. ती नुसती थरथर आणत नाही, डिफरन्शियलच्या तोंडाशी असलेले ऑइल सीलही कापते. पावसाळ्यात रानातून परतल्यावर रिमची आतली बाजू आणि दोन्ही शाफ्ट पाण्याच्या जोराने साफ केले, तर निम्म्या तक्रारी गॅरेजपर्यंत जाणारच नाहीत.

मग टायर. जुन्या जीपला अजून 6.00-16 मापाचे नायलॉन टायर असतील, तर रात्रभर उभ्या गाडीच्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग सपाट पडतो आणि सकाळचे पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते. टायर तापले की ते जाते. त्यावर उपचार करू नये. मात्र महिनोन् महिने एकाच जागी उभी राहिलेल्या गाडीचा सपाटपणा कधीकधी कायमचा होतो. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत: 2316 म्हणजे 2016 सालचा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत आहे म्हणून दहा-बारा वर्षांचा टायर चांगला ठरत नाही. आतले पदर सुटले तर चाक जागेवर फिरवताना एखादा फुगवटा डोळ्यांना दिसतो. चाक जॅकवर घेऊन टायरजवळ खडू स्थिर धरावा आणि चाक हाताने फिरवावे. खडू एका बाजूला घासतो आणि दुसऱ्या बाजूला दूर राहतो, तर बॅलन्सिंग कितीही केले तरी गुण येणार नाही, कारण चाक गोलच नाही. जिप्सी आणि जुन्या महिंद्रा जीपची चाके दोन्हीकडे पाच नटांची आणि 139.7 मिलिमीटर वर्तुळाची असल्याने रिमची अदलाबदल सर्रास होते. नट बसतात, पण रिमची रुंदी आणि ऑफसेट बदलला की पुढचे चाक ज्यावर वळते त्या किंगपिनवरचा ताण बदलतो, हे लक्षात घेतले जात नाही.

एवढे झाले की थोडे गणित. 205/70 आर 15 मापाच्या टायरचा परीघ साधारण 2.1 मीटर भरतो. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे 8 फेरे घेते. डिफरन्शियलचे गुणोत्तर 4 धरले तर प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी 32 फेरे घेतो, आणि क्रॉसच्या कोनाचा दोष एका फेऱ्यात दोन धक्के देतो, म्हणजे 64. आकडे गाडीनुसार थोडे बदलतील, पण त्यांतले अंतर एवढे मोठे आहे की घोटाळ्याला जागा राहत नाही. सेकंदाला आठ धक्के हातांना वेगवेगळे कळतात. आरशातली प्रतिमा हलते, गिअरचा दांडा डुलतो. बत्तीस म्हणजे बैठकीतून आणि पायाखालच्या पत्र्यातून येणारी सलग झिणझिण. चौसष्टला थरथर आणि आवाज यांतली सीमाच पुसते, कानात घूं असा सूर बसतो. मोबाइलवरचे कंप मोजणारे ॲप बैठकीवर ठेवले तर 8 आणि 32 यांतला फरक ते सहज दाखवते. वेग मात्र जीपीएसवरून घ्यावा. टायरचे माप बदललेल्या गाडीचे स्पीडोमीटर खरे बोलत नाही.

चाचणीसाठी सरळ, सपाट आणि रिकामा रस्ता निवडावा. तवंदी घाट किंवा चोर्ल्याचा उतार ही त्याची जागा नव्हे. सोबतीला एक जण असावा, म्हणजे चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर राहते आणि दुसरा टिपण घेतो. थरथर सुरू होते तो वेग, जास्तीत जास्त होते तो वेग आणि थांबते तो वेग, तिन्ही लिहून ठेवावेत. मग त्याच वेगाला गिअर बदलून पाहावा. चौथ्यातून तिसऱ्यात आल्यावर गाडीचा वेग तोच, पण इंजिनाचे फेरे वाढलेले असतात. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष. थरथर बदलली तर उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये इंजिन त्याच फेऱ्यांवर नेऊन खात्री करावी. हे तिसऱ्या गिअरचे पाऊल जुन्या महिंद्रा जीपमध्ये वगळू नये. तिथे टॉप गिअरमध्ये आणि ट्रान्सफर केसच्या हाय रेंजमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, त्यामुळे एका गिअरवर दोघांतला गुन्हेगार ओळखताच येत नाही.

पुढची पायरी ओझ्याची. थरथर सुरू असताना ॲक्सिलरेटर दाबावा, मग सोडावा, मग इंजिन चालू ठेवूनच न्यूट्रल करावे. किल्ली बंद करू नये. स्टीअरिंग लॉक होऊ शकते आणि ब्रेकची मदत जाते. ओढताना वाढणारी थरथर क्रॉस, शाफ्टचे कोन, ढिले माउंटिंग यांकडे बोट दाखवते. सोडल्यावर घरघर वाढली तर डिफरन्शियलच्या पिनियन बेरिंगवर संशय. तिन्ही वेळा सारखीच राहिली तर चाक, टायर, ड्रम किंवा असमतोल शाफ्ट. फक्त ब्रेक दाबल्यावर येणारी थरथर म्हणजे वाकडी डिस्क किंवा गोलाई गेलेला ड्रम, आणि फक्त क्लच सोडताना येणारा हादरा म्हणजे क्लच प्लेटवर आलेले ऑइल किंवा फाटलेले इंजिन माउंटिंग. डिझेल इंजिनाचे संथ फेऱ्यांवरचे हादरे हा इंजेक्टरचा वेगळा विषय आहे. एवढे मात्र सांगायलाच हवे की जुन्या पंपावर पाइपचा नट सैल करून सिलिंडर तपासण्याची पद्धत सीआरडीई इंजिनावर कधीही वापरू नये. तिथल्या इंधनाचा दाब हजार बारहून अधिक असतो आणि ती धार कातडी भेदून आत जाते.

फोर व्हील ड्राइव्ह गाडीला निदानाचे एक साधन असे आहे, जे साध्या मोटारीला नाही. पुढच्या चाकांना फ्री व्हीलिंग हब असतील तर गाडी टू व्हीलवर ठेवून तोच रस्ता दोनदा कापावा, एकदा हब लॉक करून आणि एकदा मोकळे सोडून. लॉक असताना पुढचे ॲक्सल, डिफरन्शियल आणि पुढचा शाफ्ट चाकांबरोबर फिरतात. मोकळे सोडले की तो सगळा लवाजमा थांबतो. थरथर गेली तर शोध गाडीच्या पुढच्या अर्ध्यापुरता उरला. हब नसलेल्या जीपमध्ये पुढचा शाफ्ट काढून ठेवून चालवून पाहावे लागते. आठ नटांचे काम आहे. शाफ्ट थेट ट्रान्सफर केसमध्ये सरकणारा असेल तर त्या तोंडातून ऑइल सांडेल, म्हणून रचना आधी पाहावी.

इथेच एक इशारा, जो प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावा. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढूनही गाडी मोकळीच असते. शाफ्ट जागेवर असला तरी मागचे एकच चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियल दुसऱ्या चाकाला फिरू देते आणि गाडी जॅकवरून घसरते. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ओंडके लावल्याशिवाय आणि आसाखाली भक्कम स्टँड दिल्याशिवाय कुणीही गाडीखाली शिरू नये.

कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून चालवल्यावर येणारे धक्के हा बिघाड नव्हे. या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या-मागच्या आसांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी सोय नसते. वळणावर सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो आणि टायर उडी मारून तो सोडवतात. पुढे-मागे वेगळ्या मापाचे किंवा खूप वेगळ्या झिजेचे टायर असले तर हा पीळ सरळ रस्त्यावरही साठतो. फोर व्हील चिखलासाठी, निसरड्यासाठी; महामार्गावर नाही.

आता शाफ्ट, कारण साठच्या पुढची बहुतेक हट्टी थरथर तिथेच सापडते. क्रॉसचे एक अंगभूत वैगुण्य रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच ओळखले होते: जोड कोनात असेल तर पुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. 10 अंशांच्या कोनात गतीचा हा चढउतार दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का असतो. 3 अंशांत तो त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. म्हणून दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस असतो, जो पहिल्याने बिघडवलेली चाल दुरुस्त करतो. त्याला दोन गोष्टी लागतात. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, एका अंशाहून अधिक फरक नको. आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरून ठेवणारे योक एका रेषेत हवेत. ग्रीस करायला शाफ्टचे दोन भाग वेगळे काढून परत जोडताना स्प्लाइनचा एखादा दाता चुकला की नवे क्रॉस टाकूनही गाडी घुमते. शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही भागांवर आणि फ्लॅंजवर रंगाची रेघ मारणे, एवढाच त्यावरचा उपाय. ती रेघ नसेल तर खाली वाकून योक एका रेषेत आहेत का ते डोळ्यांनी पाहावे. चुकीचे असतील तर लगेच कळते.

कोन मोजायला गाडी सपाट जागी, चाकांवर, नेहमीच्या ओझ्यासह उभी करावी. मोबाइलचे कोनमापक ट्रान्सफर केसच्या फ्लॅंजवर, शाफ्टवर आणि पिनियनच्या फ्लॅंजवर धरून तीन आकडे घ्यावेत. हौसेने उंच केलेल्या गाड्यांचे रहस्य इथे उलगडते. 75 सेंटिमीटर लांबीच्या शाफ्टचे एक टोक 5 सेंटिमीटर वर गेले तर कोन जवळजवळ 4 अंशांनी वाढतो. आखूड जीपला उंचीची किंमत जास्त मोजावी लागते, ती यामुळेच. त्यावर आस आणि पाटा यांच्यामध्ये पाचरीसारखी तिरकी पट्टी घालून पिनियनचा कोन सुधारता येतो. उलट, वडापावर वर्षानुवर्षे ओझे वाहून पाटे बसले तरी कोन बिघडतोच. सीआरडीई थारमध्ये टॉर्शन बार पिळून पुढची बाजू उचलली की पुढच्या ॲक्सलच्या जॉइंटवर हाच अन्याय होतो. फोर व्हीलमध्ये ओढताना थरथर आणि फाटलेले रबरी बूट ही त्याची खूण.

क्रॉस तपासताना नुसता प्ले पाहून भागत नाही. गिअर न्यूट्रल, चाकांना अडसर, आणि शाफ्ट हाताने वर-खाली व मागे-पुढे हलवावा. टोपीच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या आहेत. संथ वेगात गाडीच्या चालीबरोबर येणारी चूं-चूं हीदेखील त्याचीच. प्ले नसलेला पण अडखळणारा क्रॉस अधिक फसवतो. तो शाफ्ट काढून हातात घेऊन फिरवल्यावरच कळतो. ग्रीस भरताना ते चारही टोप्यांतून बाहेर आले पाहिजे. एका टोपीतून आले नाही तर तीच पुढे गाडी थांबवणार. जिप्सीत आणखी एक ठिकाण आहे. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसून चेसिसवर रबरी माउंटिंगांनी वेगळी बसवलेली असते आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. ती रबरे फाटली की ओढताना केस तिरकी होते आणि तिन्ही शाफ्टांचे कोन एकदम बदलतात. पहारीने केस हलकेच उचलून पाहिली की फाटलेले रबर तोंड उघडते. मालक क्रॉस बदलत राहतात आणि दोष या स्वस्त रबरात असतो.

शाफ्ट वाकला असेल किंवा त्याचे बॅलन्सचे वजन उडाले असेल, तर तो लेथवर फिरवून डायल गेजने पाहावा. अर्ध्या मिलिमीटरच्या वर डोलला तर तो सरळ करून बॅलन्स करून घ्यावा. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनिंगचे कारखाने दाटीने आहेत. लेथ आणि डायल गेज हाताळणाऱ्या कारागिरांची या शहराला वाण नाही. केवळ संशयाची खात्री करायची असेल तर शाफ्टच्या मागच्या टोकाला पाइपावर आवळतात ती लोखंडी क्लिप घट्ट बसवून तिचे तोंड चार दिशांना फिरवत, प्रत्येक वेळी त्याच रस्त्यावर चालवून पाहावे. एका जागी थरथर घटली आणि समोरच्या जागी वाढली, तर दोष असमतोलाचाच.

यापेक्षा वेगळी आणि अधिक धोकादायक गोष्ट म्हणजे खड्ड्यानंतर पुढची चाके फडफडणे. सलग आसाच्या गाडीत डावे-उजवे चाक एकाच आसाला बांधलेले असते, म्हणून एकाचा धक्का दुसऱ्याला जातो आणि तो परत येतो. अशा वेळी स्टीअरिंग घट्ट धरून, जोरात ब्रेक न मारता वेग हळूहळू उतरवावा. नवा स्टीअरिंग डॅम्पर टाकला की फडफड काही काळ दबते. पण तो इलाज नव्हे, झाकण आहे, आणि झिजलेला जोड त्याखाली झिजतच राहतो. इंजिन बंद ठेवून, चाके जमिनीवर असताना एकाने स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर हात ठेवावा: टायरॉड एंड, ड्रॅग लिंक, स्टीअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट, पाट्यांचे बुश, शॅकल. हाताला टक् लागतो तोच जोड. मग चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवावे. प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर चाकाचे बेरिंग ढिले. तसाच राहिला तर किंगपिन. दोन्हींचा खर्च आणि काम वेगळे असल्याने ही एक चाचणी बरेच पैसे वाचवते. किंगपिनच्या बेरिंगचा ताण शिम कमी-जास्त करून बसवतात. तो अंदाजाने न कसता स्प्रिंगच्या काट्याने, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आणावा.

शॉकॲब्सॉर्बरची परीक्षा बॉनेट दाबून करू नये. पाट्यांच्या गाडीत पाने एकमेकांवर घासूनच उसळी जिरते, त्यामुळे मेलेला शॉकही पास होतो. खराब रस्त्यावर काही किलोमीटर चालवून आल्यावर चारही शॉकना हात लावावा: काम करणारा कोमट लागतो, निकामी झालेला गार. पाट्यांत मधला सेंटर बोल्ट तुटलेला तर नाही हेही पाहावे. तो तुटला की आस पाट्यावर सरकतो आणि गाडी तिरकी चालते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजले की ते उघड होते.

या भागात गाडी विकत घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: ती पुरात उभी होती का? 2019 आणि 2021 च्या महापुरात वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर आले होते. गरम डिफरन्शियल पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. लेव्हलचा बोल्ट उघडून ऑइल पाहावे. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, आणि पुढच्या काही महिन्यांत बेरिंगची घरघर ठरलेली. दोन्ही डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स चारही तपासावेत. ट्रान्सफर केस नेहमी विसरली जाते.

दुरुस्ती एका वेळी एकच करावी आणि प्रत्येकीनंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवून आधीच्या टिपणाशी ताडून पाहावे. चार भाग एकदम बदलले तर नेमके काय बिघडले होते ते कधीच कळत नाही आणि दोष परतला की शोध पहिल्यापासून सुरू होतो. पाट्यांच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे कसावेत. जॅकवर कसले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि लवकर फाटते. चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने कसून शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत आणि पाट्यांचे यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क रेंचने आवळावेत.